मी आपली

हल शहरात फोन कॉलला फर्न कर्ल म्हणतात.
हे मी पहिल्या आठवड्यात वहीत टिपलं,
तारीख घालून, स्वराच्या खुणेसकट,
जणू त्याचे मला कुणी पैसे देणार होतं.

पैसे मिळत होते ते पत्रांचे.
पाणी कंपनी, तिसरा मजला, खिडकीत हंबर नदी,
दूध जास्त पडलेल्या चहासारखी.
थकबाकीची पत्रं माझ्या टेबलावर यायची,
'भरणा करण्यात आपण कसूर केली आहे' अशा थाटात.
मी त्यातली कसूर काढून टाकायची.
लिहायची : मार्चचे पैसे अजून आमच्याकडे पोचले नाहीत.
पैसे कर्ता झाले, माणूस सुटला.
वसुली वाढली.
स्ट्युअर्ट म्हणाला, जादू आहे.
मी म्हटलं, सातवीचं व्याकरण आहे.

डोरीन समोर बसते. एकतीस वर्षं फर्न कर्ल घेतेय.
माझ्या नावावरचा रफार तिने पहिल्याच दिवशी
ओल्या कोटासारखा उतरवून खुंटीला अडकवला.
ऊमिला. आवर ऊमिला.
भावाला, मांजराला, तेरा नंबरच्या बसलासुद्धा
ती 'आवर' लावते.
हे आवर म्हणजे आमची, की आपली?
तीन वर्षं झाली, वहीत अजून प्रश्नचिन्ह आहे.

ऑक्टोबरात स्ट्युअर्टने दार लावून घेतलं.
एकच पान. जरा मऊ कर, तुला जमतं ते.
पहिली ओळ : वुई एक कुटुंब आहोत.
चौथी : वुई हे कार्यालय मार्चअखेर बंद करत आहोत.

तोच शब्द. त्याच्या घराला एकच दार,
पाहुणा आत येतो तेही तेच,
त्याला बाहेर काढतात तेही.
मी पेन्सिलने समासात लिहिलं,
पहिल्या ओळीपाशी आपण, चौथीपाशी आम्ही.
माझ्या भाषेत हे लपवता आलं नसतं.
'आपण जेवूया' आणि 'आम्ही जेवलो' यांच्यामध्ये
एक अख्खा उपाशी माणूस उभा असतो.

हे काय, संस्कृत?
मराठी, म्हटलं. यात कोण कुणाला सांगतंय?
तो खिडकीकडे बघत राहिला.
मलाही लीड्सहूनच आलंय, म्हणाला.
टायवर अंड्याचा डाग होता, सकाळचा असावा.

मऊ करणं माझ्या हातचा मळ.
कार्यालय बंद करण्यात येत आहे.
येत आहे, जसं धुकं येतं नदीवरून,
कुणीही न आणता.
बोट कीबोर्डवर ठेवून मी बराच वेळ बसले.
मग लिहिलं : आम्ही, म्हणजे लीड्सचं संचालक मंडळ,
हे कार्यालय बंद करत आहोत.
तुम्ही सत्तेचाळीस जण आहात.
मला धरून, हे लिहिलं नाही.
कुटुंबाची ओळ खोडली.

छापून आलं तेव्हा कुटुंब परत आलं होतं.
सत्तेचाळीस गेले होते.
संचालक मंडळ मात्र राहिलं होतं जागेवर,
कुणाच्या नजरेतून सुटलं, की कुणी सोडलं,
स्ट्युअर्टला मी विचारलं नाही.

डोरीनने पत्र दोनदा वाचलं,
मंडळावर नख टेकवून म्हणाली, निदान नाव तरी आहे.
मग चष्मा काढला. गिव्ह अस अ बिस्किट.
इकडे अस म्हणजे आम्ही नव्हे,
अस म्हणजे मी, एकटी. हे वहीत आहे, पान नऊ.
मी पुडा सरकवला. तिने दोन घेतली,
एक माझ्या बशीत ठेवलं.

रात्री आईचा फोन. काय गं, कामावर काय केलंस?
काही नाही, म्हटलं,
सगळे बोलत होते,
मी आपली बसले होते.